बाविसाव्याचं देणं

मी शिकले प्राणिशास्त्र, सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात. नोकरी हवी होती बँकेत. परीक्षेचा निकाल लागेपर्यंत कुठंतरी चार पैसे मिळावेत म्हणून १९८६ साली मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत टेक्निशियन म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. बँकेनं बोलावलं नाही हे त्याचं एक कारण. दुसरं कारण माणसाच्या पेशीतलं बाविसावं गुणसूत्र. त्या गुणसूत्राचं आणि ते ज्यांनी नीट पाहिलं त्या माणसांचं मी देणं लागते. फेडण्यासारखं ते नाही, पण निदान मांडून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

आमचं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट. रुग्णाच्या अस्थिमज्जेचा नमुना आला की त्यातल्या पेशी एक दिवस इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या. मग कोल्चिसिन घालून त्यांचं विभाजन नेमक्या अशा टप्प्यावर थांबवायचं, की गुणसूत्रं जाड आणि सुटी दिसावीत. पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात पेशी फुगवायच्या, मिथेनॉल आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये स्थिर करायच्या आणि गार, ओल्या काचपट्टीवर उंचावरून थेंब सोडायचा. थेंब नीट पडला तर गुणसूत्रं पसरतात, नाहीतर एकमेकांवर चढून बसतात. त्यानंतर ट्रिप्सिन, गिम्साचा रंग, सूक्ष्मदर्शक, फोटो, डार्करूम. शेवटी छापील फोटोतली ४६ गुणसूत्रं कात्रीनं एकेक कापून, जोड्या लावून पुठ्ठ्यावर डकवायची. मला पहिल्यांदा दिलं ते हे शेवटचं काम. पदवी घेऊन कात्रणं चिकटवतेय, असं घरी पत्रात लिहिल्याचं आठवतं.

आमच्या प्रमुख टेक्निशियनना सगळे बाई म्हणायचे. आवाज हळू, नजर तीक्ष्ण. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे आमच्या भाषेत सीएमएल, या रक्ताच्या कर्करोगाचे नमुने आमच्याकडे पुष्कळ यायचे. त्यात बाविसाव्या जोडीतलं एक गुणसूत्र आखूड असतं. ते दिसलं की रिपोर्टवर ‘पीएच पॉझिटिव्ह’ लिहायचं, एवढं मी पाठ केलं होतं. पीएच म्हणजे फिलाडेल्फिया, त्या शहरात ते प्रथम दिसलं म्हणून. एकदा मी जोड्या लावून पुठ्ठा बाईंपुढं ठेवला. त्यांनी आखूड बाविसाव्यावर पेन्सिल ठेवली.

“याचा बाकीचा तुकडा कुठं आहे?”

“तुटून गेला असेल, बाई.”

“कुठं गेला? बघितलंस?”

बघितलं नव्हतं. तुकडा तुटला म्हणजे नाहीसा झाला, असंच मी धरून चालले होते. त्यांनी मला नवव्या जोडीकडे पाहायला लावलं. दोघांतलं एक नऊ टोकाशी किंचित लांब होतं. इतके दिवस मी ते आपल्या हातानं कापत आणि चिकटवत होते, पण ते लांब आहे हे मला दिसलं नव्हतं. जोडी जुळतेय ना एवढंच मी बघत होते.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाईंनी मला शिकागोच्या जॅनेट राउली यांच्याबद्दल सांगितलं. फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना आखूड गुणसूत्र दिसलं ते १९६० मध्ये. कर्करोगाच्या एखाद्या प्रकाराशी कायम जोडलेला गुणसूत्रातला असा बिघाड तोवर कुणाला सापडला नव्हता. नॉवेल मूळचे पॅथॉलॉजिस्ट, गुणसूत्रांची त्यांना माहिती नव्हती. पेशी धुताना त्यांनी साधं नळाचं पाणी वापरलं, पेशी फुगल्या आणि आतली गुणसूत्रं पसरून दिसू लागली. हे काय दिसतंय ते जाणणारा माणूस त्यांनी शोधला, तेव्हा प्रबंधासाठी गुणसूत्रांवर काम करणारे तरुण हंगरफर्ड भेटले. आम्ही रोज जे पातळ द्रावण वापरायचो त्याचं तत्त्व हेच, पेशीत पाणी शिरू द्यायचं.

पण पुढची तेरा वर्षं बहुतेक जाणकारांचा समज माझ्यासारखाच होता, की तुकडा गळून गेला. १९७३ मध्ये राउलींनी दाखवलं की तो नवव्या गुणसूत्राच्या टोकाला जाऊन बसलेला आहे. पट्टे उमटवणारे नवे रंग तेव्हा नुकते आले होते आणि ते तंत्र त्या ऑक्सफर्डला शिकून आल्या होत्या. फोटो घरी आणून त्या जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रं कापत बसायच्या, आणि आई कागदाच्या बाहुल्या खेळतेय म्हणून मुलं त्यांना चिडवायची. चार मुलगे लहान असताना बरीच वर्षं त्यांनी आठवड्यातले काहीच दिवस काम केलं होतं.

ही शेवटची गोष्ट बाईंनी सहज सांगितली होती, पण माझ्या उपयोगी पडली तीच. मला मुलगी झाली तेव्हा नोकरी सोडायची असं सासर-माहेर दोन्हीकडून ठरल्यासारखंच होतं, आणि माझंही फारसं वेगळं मत नव्हतं. राजीनामा द्यायला गेले तर बाईंनी तो घेतला नाही. वरिष्ठांकडे जाऊन त्यांनी माझ्यासाठी अर्धा दिवस मागून घेतला. “राउलींनी अर्धवेळ काम करून जे शोधलं ते पूर्णवेळवाल्यांच्या डोळ्यांखालून गेलं होतं,” असं त्या साहेबांना म्हणाल्या. युक्तिवाद शास्त्रीयदृष्ट्या कच्चा होता. पण अर्धा दिवस मिळाला, आणि पुढची सगळी नोकरी त्या अर्ध्या दिवसावर उभी राहिली.

त्या काळातल्या कामाची दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. सीएमएलचा रुग्ण बहुधा थकवा, उतरलेलं वजन आणि वाढलेली पाणथरी घेऊन येतो. डाव्या बरगडीखाली काहीतरी जड वाटतंय, दोन घास खाल्ले की पोट भरतंय, अशी तक्रार असते. रक्त तपासलं की पांढऱ्या पेशी लाखाच्या वर. बुसल्फान, आणि नंतर हायड्रॉक्सीयुरिया, या गोळ्यांनी त्या भराभर उतरायच्या. पाणथरी ओसरायची, माणूस शेतावर किंवा कामावर परतायचा. घरच्यांना वाटायचं, बरा झाला. आमच्या काचपट्टीवर मात्र काहीच बदललेलं नसायचं. वीस पेशी मोजायच्या, विसांतही आखूड बावीस. तीन-चार-पाच वर्षांनी तोच माणूस पुन्हा यायचा, आणि आता एकाच पेशीत दोन-दोन आखूड बावीस किंवा एक जादा आठवं गुणसूत्र दिसायचं. आजारानं वेग घेतल्याची ती खूण होती. त्यानंतर पुढं बहुतेक काही महिनेच असायचे. इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांनी थोड्यांच्या पट्ट्या सुधारायच्या. अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा खरा उपाय होता, पण जुळणारा भाऊ किंवा बहीण, वय आणि पैसा हे तिन्ही असणारे किती?

आपल्याकडे सीएमएलचे रुग्ण पाश्चात्त्य देशांपेक्षा तरुण असतात. तिशी-चाळिशीतली, घर चालवणारी माणसं. एकदा रिपोर्टच्या खिडकीशी सांगलीकडचे एक शिक्षक आले होते. कागद उलटसुलट करून त्यांनी विचारलं, “ताई, हे पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं ना?” मी म्हटलं, “डॉक्टरांना विचारा.” नियम तोच होता आणि तो बरोबरही होता. तरी खिडकी लावताना मला हायसं वाटलं होतं, हे मात्र बरोबर नव्हतं. त्यानंतर मी नमुन्यावरचं नाव न वाचता फक्त क्रमांक वाचायची सवय लावून घेतली. काम चुकत नव्हतं. पण आपण फक्त निकाल टाइप करणाऱ्या आहोत, असं मन मानू लागलं होतं.

त्यातून मला बाहेर काढलं एका शोधनिबंधानं, आणि तो मला समजावून सांगणाऱ्या विदर्भातल्या एका तरुण डॉक्टरांनी. आमच्याकडे दर महिन्याला एखादा निबंध वाचला जायचा. बाईंचा आग्रह असायचा की टेक्निशियननीही मागच्या रांगेत बसावं. १९९० मध्ये डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेतून जॉर्ज डेली आणि सहकाऱ्यांचा निबंध आला होता. पहिल्या वाचनात मला एक अक्षर कळलं नाही. वाचन संपल्यावर डॉक्टरांनी फळ्यावर सुरुवातीपासून काढून दाखवलं.

गोष्ट एका उंदरांच्या विषाणूपासून सुरू होते. १९७० मध्ये हर्बर्ट एबलसन यांनी तो वेगळा केला. त्याच्यात उंदराच्याच पेशीतून उचललेलं एक जनुक निघालं. त्याचं नाव पडलं एबीएल. माणसातही ते आहे आणि राहतं नवव्या गुणसूत्रावर. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नोरा हाइस्टरकॅम्प, जॉन ग्रॉफेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की सीएमएलमध्ये हे एबीएल नवावरून निघून बाविसाव्यावर जातं. म्हणजे बाविसाव्याचा तुकडा नवाकडे जातो तसाच नवाचा छोटा तुकडा बाविसाव्याकडे येतो. आणि वेगवेगळ्या रुग्णांत बाविसावं तुटतं ते एका लहानशा पट्ट्यातच. त्या जागेतल्या जनुकाला बीसीआर म्हणतात. आखूड गुणसूत्रावर या दोघांचा सांधा होतो. आधी बीसीआरचा भाग, त्याला लागून एबीएल, आणि पेशी ते एकच जनुक समजून वाचते. त्यातून जे प्रथिन बनतं ते निरोगी शरीरात नसतंच.

एबीएल हे टायरोसिन कायनेज जातीचं विकर आहे. एटीपीतला फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनांवर लावणं हे त्याचं काम. फॉस्फेट लागला की ती प्रथिनं जागी होतात आणि पेशीला वाढण्याचे, विभागण्याचे संदेश पुढं जातात. हे बारकावे पुढच्या वर्षांत कळले, पण निरोगी एबीएल बहुतेक वेळ स्वतःला मिटून ठेवतं. त्याच्या टोकाला मिरिस्टिक आम्लाचा एक धागा असतो, तो स्वतःच्याच एका खोबणीत अडकवून ते शांत राहतं. जोडजनुकात हे टोकच गळतं आणि तिथं बीसीआर येतं. शिवाय बीसीआरचा पुढचा भाग आपल्यासारख्याच रेणूंना चिकटतो. विकरं जवळजवळ येतात आणि एकमेकांनाच चालू करतात. “तोटी नसलेला नळ,” डॉक्टर म्हणाले होते. अशी पेशी विभागत राहते, वेळेवर मरत नाही आणि मज्जेत पक्व होईपर्यंत थांबत नाही, रक्तात उतरते.

डेलींनी हे जोडजनुक उंदरांच्या मज्जापेशींत घातलं, त्या पेशी दुसऱ्या उंदरांत सोडल्या, आणि त्यांना सीएमएलसारखाच आजार झाला. फळ्यासमोर बसून मला हळूहळू उमगलं, की इतकी वर्षं मी ज्याला आजाराची खूण समजत होते ते आजाराचं कारण आहे. गोळ्यांनी पेशींची संख्या उतरते पण विसातली वीस तशीच राहतात, ती का, हे तेव्हा कळलं. खूण पुसता येत नाही. पण कारण रोखता येईल का, हे निदान विचारता येतं. मी नावं पुन्हा वाचायला लागले ती त्यानंतर.

रोखण्याचं काम तेव्हा स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला सिबा-गायगी कंपनीत सुरू झालंच होतं. निकोलस लायडन यांच्या गटात युर्ग झिमरमान हे रसायनशास्त्रज्ञ एकेक अणुगट बदलत रेणू बनवत होते. एबीएलच्या ज्या खोबणीत एटीपी बसतो तिथं आधीच जाऊन बसेल असा रेणू त्यांना हवा होता. अमेरिकेत पोर्टलंडचे ब्रायन ड्रकर यांनी तो रुग्णांच्या पेशींवर तपासला. कर्करोगाच्या पेशी थांबल्या, निरोगी पेशींना फारसं काही झालं नाही. जून १९९८ मध्ये पहिल्या रुग्णाला गोळी दिली गेली. पुरेशी मात्रा मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांच्या रक्तातल्या पेशी पूर्ववत झाल्या. मे २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. औषधाचं नाव इमॅटिनिब, रोज ४०० मिलिग्रॅम.

आमच्याकडे त्याची पहिली बातमी काचपट्टीवर आली. एसटीत वाहक असलेल्या एका गृहस्थांचा नमुना होता. आधीच्या तपासणीत विसातली वीस, आता एकही नाही. मला आनंद वगैरे काही झाला नाही. लेबलं बदललीत अशी माझी खात्री झाली. उरलेल्या पेशींतून पुन्हा पट्ट्या केल्या, नोंदवहीशी क्रमांक ताडले, तरी शून्य. बाई तेव्हा निवृत्त झाल्या होत्या. फोन केला तर त्यांनी पहिलं विचारलं, “नऊ बघितलंस?” दोन्ही नऊ सारखी होती.

औषधाच्या किमतीबद्दल लिहिलं नाही तर हिशेब अपुरा राहील. मूळ औषधाचा खर्च महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, भारतीय कंपन्यांच्या औषधाचा ८ ते १० हजार. मूळ कंपनीनं कितीतरी भारतीय रुग्णांना ते फुकट पुरवलं, आणि त्याच कंपनीनं स्फटिकाच्या एका विशिष्ट रूपावर पेटंट मिळावं म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडाही केला. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयानं तिचा दावा फेटाळला. पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) प्रमाणे जुन्याच पदार्थाचं नवं रूप पुरेसं नाही, उपचाराचा गुण वाढल्याचं दाखवावं लागतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मी दोन्ही लक्षात ठेवते. पण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरून उपचार घेणारा माणूस महिन्याला लाख रुपये कुठून आणणार होता, हा प्रश्न माझ्यापुरता त्या निकालानं सुटला.

दरम्यान कात्री गेली. आधी संगणकाच्या पडद्यावर जोड्या लागू लागल्या, मग फिश आलं. त्यात एबीएलला लाल आणि बीसीआरला हिरवा, असे चमकणारे रंग चिकटवतात. दोन्ही एकत्र आले की पिवळा ठिपका दिसतो. पेशी विभागत असावी लागत नाही. नवे रंग वापरात घेण्याआधी ज्यांचं निदान पक्कं माहीत आहे अशा पेशींवर ते तपासून पाहावे लागतात. आमच्या फ्रीझरमध्ये जुन्या नमुन्यांच्या स्थिर केलेल्या पेशी होत्या, नव्वदीच्या दशकातल्या. त्याच काढल्या. त्या नळ्यांवरची अक्षरं बरीचशी माझी किंवा बाईंची होती. यातल्या जवळपास कुणालाच ती गोळी मिळाली नव्हती. पिवळा ठिपका कसा ओळखायचा हे मी त्यांच्या पेशींवर शिकले. आता ज्यांना उपचार मिळतात त्यांचे रिपोर्ट बरोबर येतात, यात त्या माणसांचा वाटा आहे. त्यांच्या घरच्यांना हे कुणी सांगितलेलं नाही.

त्याहून बारीक तपासणी पीसीआरची. रक्तातल्या आरएनएवरून आधी डीएनए बनवायचा आणि मग जोडजनुकाचा तुकडा वाढवून मोजायचा. आरएनएवरून डीएनए बनवणारं विकर १९७० मध्ये शोधणाऱ्यांत बाल्टिमोर होतेच. माझ्या आयुष्यात हे गृहस्थ दोनदा आले, आणि दोन्ही वेळा मला उशिरा कळलं. पीसीआर मला माझ्या मुलीच्या वयाच्या एका सहकारी मुलीनं शिकवलं. पिपेट धरताना माझा हात कापायचा. ती म्हणायची, “मॅडम, घाई कुठं आहे?” बाईंनंतर इतक्या धीरानं मला कुणी शिकवलेलं नाही.

शून्य म्हणजे खरोखर शून्य नव्हे, हे पीसीआरनं शिकवलं. वीस पेशींत काही नसलं तरी लाखांत सापडतं. आकडा ०.१ टक्क्याच्या खाली आला की आजार चांगला आटोक्यात आहे असं मानतात. आकडा वर चढला की गोळ्या चुकल्यात का हे आधी विचारायचं असतं. बऱ्याचदा चुकलेल्याच असतात. गावाला गेले, संपल्या, बरं वाटत होतं म्हणून सोडल्या. काहींत मात्र एबीएलमध्येच बदल झालेला असतो. ३१५ व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन आलं, की इमॅटिनिबला खोबणीत शिरताच येत नाही. त्यावर पोनॅटिनिब आलं. आणि २०२१ मध्ये मान्यता मिळालेलं अ‍ॅसिमिनिब तर गळून गेलेल्या टोकाच्या रिकाम्या खोबणीतच जाऊन बसतं, एबीएल स्वतःला जिथं मिटून घेत असे तिथं. हे वाचलं तेव्हा विदर्भातल्या त्या डॉक्टरांना मी दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता फोन केला होता.

निवृत्तीनंतर मी काही शनिवारी एका धर्मशाळेत जाते. रुग्ण आपापले रिपोर्ट घेऊन येतात. औषधोपचाराचं मी काही सांगत नाही, तो माझा अधिकार नाही. कागदावर काय लिहिलंय ते सांगते. मुलांना होईल का, हे जवळजवळ सगळेच विचारतात. नाही होत. ही अदलाबदल मज्जेतल्या एका पेशीत जन्मानंतर घडलेली असते, ती वारशानं जात नाही. मग आम्हालाच का, असं विचारतात. हिरोशिमा-नागासाकीच्या किरणोत्सर्गातून वाचलेल्या लोकांत हा आजार वाढला होता, पण बहुतेकांच्या बाबतीत बोट ठेवावं असं कारण सापडत नाही. तुमच्या खाण्यापिण्यामुळे किंवा कुणाच्या शापामुळे झालेलं नाही, एवढं मी जरा ठासून सांगते.

परवा बीडकडची एक सून आली होती, नवरा बरोबर. लग्नाला थोडीच वर्षं झालेली, गोळी लग्नाआधीपासून चालू. गरोदरपणात ही गोळी घेऊ नये असं तिला सांगितलेलं होतं. बंद करता येईल का, हे तिला माझ्याकडून हवं होतं. मी तिला फ्रान्समधल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. दोन वर्षांहून अधिक काळ पीसीआरमध्ये काहीच न सापडलेल्या रुग्णांनी गोळी थांबवली, आणि त्यांतल्या सुमारे ४० टक्क्यांचा आजार परतला नाही. ज्यांचा परतला त्यांना गोळी पुन्हा सुरू केल्यावर बहुतेकांत तो आटोक्यातही आला. पण हे डॉक्टरांच्या नजरेखाली, आणि पीसीआर वारंवार करूनच.

तिचा रिपोर्ट चांगला होता, पण काहीच सापडत नाही असा नव्हता. ते मी तिला दाखवलं, आकड्यावर बोट ठेवून. मग तिच्याच वहीत आम्ही डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहायला घेतले. किती खाली यायला हवं आणि किती काळ तसं राहायला हवं, हा पहिला. मूल हवं असेल तर मधल्या काळात काय करता येतं, हा दुसरा. तिसऱ्याच्या वेळी तिनं पेन माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः लिहिलं, दर महिन्याला पीसीआर करायचा तर पैसे किती लागतील आणि ते कमी कुठं होतील.